ललिता पवारांचा डावा डोळा आणि माझी आजी

रामबागची नात (इंदूर)

मागच्या रविवारी आमच्याकडे सगळे पोहे-जलेबीला जमले होते. कुणाच्या तरी सासूचा विषय निघाला आणि आमची एक वहिनी म्हणाली, "अगदी ललिता पवार आहे हो ती बाई." सगळे हसले. आई मात्र हसली नाही. पोह्यांवर शेव घालता घालता तिचा हात थांबला. "आमच्या आईसमोर हे कुणी बोललेलं तिला चाललं नसतं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाढायला लागली. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

माझी आजी, म्हणजे आईची आई, रामबागेत राहायची. 1953 च्या थंडीत, धाकट्या मामाच्या वेळची बाळंतीण असताना, एका सकाळी ती चूळ भरायला गेली आणि पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा उतरलेला. आपल्या इंदुरात लकवा म्हणतात, आजी "वारं गेलं" म्हणायची. शेक झाले, मालिश झालं, वैद्य झाले, डॉक्टर झाले. तोंड बरंचसं सरळ झालं, पण डावा डोळा बारीक राहिला तो कायमचा. वय होतं 28.

आईला आठवते ती त्यानंतरची आजी. पदर डोक्यावरून डाव्या बाजूला जरा जास्त पुढे ओढलेला. खिडकीशी बसायची तर उजवी बाजू उजेडाकडे. चहाचा कप ओठांच्या उजव्या कोपऱ्याला लावायची आणि डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवून ठेवायची, थेंब ओघळू नये म्हणून. एकदा शेजारी नवं बाळ बघायला गेली, तर कुणीतरी बाळ उचलून आतल्या खोलीत नेलं. त्या दिवसापासून आजीने बारसं, डोहाळजेवण, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळीकडे जाणं सोडलं. घरी आलेल्या बायकांनाही कुंकू लावायला घरातल्या दुसऱ्या कुणाला पुढे करायची.

मग 'अनाडी' लागला. आजोबांनी तांगा केला आणि आजीला जवळजवळ ओढूनच नेलं. सोबत आई, तेव्हा नऊ वर्षांची. राज कपूर आणि नूतनचा सिनेमा म्हणून गेले, पण आजी घरी आली ती मिसेस डिसाला घेऊन. ख्रिश्चन घरमालकीण, तोंडाने फटकळ, भाड्यावरून ओरडणारी आणि त्या अनाथ पोरावर जीव टाकणारी. ललिता पवार. डावा डोळा बारीक.

आई सांगते, रात्री अंथरुणं घालताना आजी आजोबांना म्हणाली, "तिचा डोळा पाहिलात? माझ्यासारखाच आहे. आणि तो पोरगा तिच्या तोंडाकडे कसा बघत होता!" दोन दिवसांनी शेजारणीला घेऊन पुन्हा गेली. नंतर आपल्या बहिणीला घेऊन तिसऱ्यांदा. पुढच्या संक्रांतीला आजी वाण घेऊन स्वतः घराबाहेर पडली.

मला एवढंच म्हणायचं आहे, की या बाईचं नाव आपण शिवीसारखं वापरतो आणि तिचं काम काय तोलाचं होतं ते विसरतो. डोळा एकच. त्याच डोळ्याने तिने आपल्याला घाबरवलं आणि त्याच डोळ्याने माझ्या आजीला घराबाहेर काढलं. तुम्हाला त्यांच्या कोणत्या भूमिका आठवतात, त्यांच्याबद्दल काय माहीत आहे, ते लिहा. मला आईला वाचून दाखवायचं आहे.

जुनी पाटी (पुणे)

धाग्याबद्दल मनापासून आभार. थोडं मागून सुरुवात करतो, कारण ललिताबाई म्हटलं की लोकांना एकदम सासूच दिसते.

जन्म 18 एप्रिल 1916, येवल्याचा. पैठणीचं गाव. मूळ नाव अंबिका. मूकपटांच्या काळात लहान वयातच कॅमेऱ्यासमोर आल्या. 1932 च्या 'कैलास' या मूकपटात त्यांनी काम तर केलंच, पण निर्मितीतही त्यांचा वाटा होता. वय 16! पुढे 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या निर्मितीतही त्या होत्या, कथा टॉलस्टॉयच्या 'रिसरेक्शन'वरून घेतलेली. त्या काळात नायिकेने स्वतः असला विषय पडद्यावर आणायचा म्हणजे काय हिंमत लागली असेल. मराठीत भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', मास्टर विनायकांचा 'अमृत' (कथा वि. स. खांडेकरांची). म्हणजे 1941-42 पर्यंत ही बाई देखणी, चालती नायिका होती.

1942 मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची, असा प्रसंग होता. हात खरोखर जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर दुखावली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. उपचार सुमारे तीन वर्षं चालले. नायिकेच्या भूमिका तिथेच संपल्या. 26 वर्षांची बाई!

तुमच्या आजी 28 च्या होत्या असं वाचलं आणि थांबलोच.

शेवंती

वाचता वाचता डोळे भरून आले. चहाच्या कपाचं वाचून माझी मोठी काकू आठवली. तीही असंच बोट टेकवायची आणि आम्हाला वाटायचं, ती विचार करते आहे.

लष्करची लेक (ग्वाल्हेर)

आमच्याकडे त्यांची ओळख मंथरा म्हणून. रामानंद सागरांचं 'रामायण' 1987 च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा मी सहावीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या गल्लीत टीव्ही दोनच घरी. रविवारी सकाळी बायका आंघोळ करून, टीव्हीला हार घालून बसायच्या. मंथरा कैकेयीच्या कानाशी लागते त्या रविवारी पुढच्या ओळीतली एक म्हातारी हातातली जपमाळ टीव्हीकडे उगारून "मेली, मेली" करत होती. आम्ही पोरं पुढे कितीतरी दिवस एकमेकींना मंथरा म्हणत होतो, एक डोळा मिटून आणि कुबड काढून चालत होतो.

आज तुमचं लिहिलेलं वाचल्यावर ते एक डोळा मिटणं फार वाईट वाटतं आहे. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही माझ्या आईने सांगितली होती, की हीच बाई जुन्या 'संपूर्ण रामायण'मध्येही (1961) मंथरा होती. म्हणजे मधे 26 वर्षं गेली, कैकेयी बदलली, राम बदलला, मंथरेला दुसरी बाई सापडली नाही.

रामबागची नात (इंदूर)

@लष्करची लेक, आमच्या घरीही मंथरेचा रविवार झाला. मी दहा वर्षांची. आम्ही भावंडं टीव्हीसमोर तिच्या नावाने बोटं मोडत होतो. आजी मागे खाटेवर बसली होती. ती म्हणाली, "गप्प बसा रे. ती बाई फार मोठी आहे. रामाला वनात धाडायला कुणीतरी लागतंच, ते काम ती करते आहे." आणि तिने त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा थपडेची गोष्ट सांगितली. तिला ती कोणत्याशा मासिकात वाचायला मिळाली होती, तो कागद तिने पोथीत जपून ठेवला होता.

@जुनी पाटी, हे 'कैलास'चं मला माहीतच नव्हतं. आईला आजच वाचून दाखवलं. "16 वर्षांची?" असं दोनदा म्हणाली.

मांडवी (वडोदरा)

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझं लग्न झालं तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या बिऱ्हाडात सासूबाई, आजेसासूबाई आणि मी. टीव्हीवर शांतारामबापूंचा 'दहेज' लागला होता. 1950 चा. ललिता पवार त्यात सासू आहेत आणि सुनेचा असा छळ करतात की मी अर्ध्यावर उठून स्वयंपाकघरात गेले. पुढची कित्येक वर्षं मला त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा, 'ललिता पवार' हा शब्द घरोघरी रूढ झाला तो उगाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या सुनांना आपल्या घरातला त्रास दाखवायला एक चेहरा मिळाला, तो हा.

पण माझा खरा राग दुसऱ्यांवर आहे. एका अपघाताने डोळा बारीक झाला. तो डोळा दिसला की ही बाई कपटी, असं प्रेक्षकांना शिकवलं कुणी? सिनेमा करणाऱ्यांनीच. डोळा अधू, पाय लंगडा, पाठीला कुबड, की माणूस वाईट. तुमच्या आजींसमोरून बाळ आत नेलं गेलं, त्यात या शिकवणीचाही हात आहे असं मला वाटतं. ललिताबाईंनी पोटासाठी आणि कामाच्या ओढीने मिळेल ते केलं, आणि जीव ओतून केलं. पण त्यांच्या दुखण्याचा असा वापर झाला, हे बोलायला हवं.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, इंदुरातच काम करतो. ललिताबाईंच्या दुखापतीबद्दल मी काही बोलणार नाही, पण आजींचं वर्णन वाचून थोडं लिहावंसं वाटलं. कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक नस असते, मेंदूतून निघणारी सातवी. ती कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते. तिला सूज आली की तिथे दाबली जाते आणि त्या बाजूचे स्नायू ढिले पडतात. कपाळाला आठी पडत नाही, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी गळतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर हे होण्याचं प्रमाण जास्त असतं. बहुतेक जण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. आज पहिल्या 72 तासांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. 1953 मध्ये ही सोय नव्हती.

आणि डोळ्याचं. सुरुवातीला पापणी मिटत नाही म्हणून डोळा कोरडा पडतो, त्याला थेंब घालून रात्री पट्टी लावावी लागते. पुढे नस पुन्हा जुळताना कधी कधी तिचे धागे चुकीच्या स्नायूंना जाऊन मिळतात. मग माणूस हसला की त्या बाजूचा डोळा आपोआप बारीक होतो. अशी माणसं हसणं टाळतात, कारण हसलं की चेहऱ्यावरचा फरक उठून दिसतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाच्या एकाही फोटोत हसून दिलं नाही.

(महत्त्वाचं: चेहऱ्याबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, किंवा बोलणं अडखळलं, तर ते वेगळं आणि गंभीर दुखणं असू शकतं. मालिश-शेक करत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.)

रामबागची नात (इंदूर)

@स्टेथो, हसल्यावर डोळा बारीक व्हायचा. अगदी तसाच. म्हणून आजी हसताना तोंडावर पदर घ्यायची. आम्हाला वाटायचं, जुन्या बायकांची रीत.

@मांडवी, राग कसला? तुमचं पटतं. आई म्हणाली, "त्यांना सांग, माझ्या आईलाही 'दहेज' बघवला नव्हता."

मल्हारगंज (इंदूर)

वा, इंदूरकरांचा धागा आणि 'रामशास्त्री' अजून कुणी काढला नाही!

प्रभातचा 'रामशास्त्री', 1944. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिता पवार आनंदीबाई. 'ध'चा 'मा' करणारी. दुखापतीनंतर अवघ्या दोन वर्षांत आलेली ही भूमिका, आणि माझ्या मते खलनायिका म्हणून त्यांची खरी सुरुवात इथून. यात त्या आरडाओरडा करत नाहीत. राज्य हवं आहे, नवऱ्यात दम नाही हे कळतं आहे, आणि ते सगळं त्या एका नजरेत.

आता आपल्याकडची गोष्ट. इंदुरात राघोबादादा आणि आनंदीबाई यांच्याबद्दल पुण्यापेक्षाही जास्त राग होता, असं माझे आजोबा सांगायचे. कारण मल्हारराव आणि मालेराव गेल्यावर हाच राघोबा होळकरांच्या दौलतीवर डोळा ठेवून फौज घेऊन माळव्यात आला होता. अहिल्याबाईंनी त्याला निरोप धाडला तो आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतो: माझी बायकांची फौज आहे, मी हरले तर कुणी नावं ठेवणार नाही, पण तुम्ही बायकांकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. राघोबा म्हणाला, आम्ही तर सांत्वनाला आलो होतो. आजोबा हे सांगून झालं की 'रामशास्त्री'वर यायचे. आनंदीबाई पडद्यावर आली की टॉकीजमध्ये लोक उघड शिव्या द्यायचे म्हणे. आजोबा मात्र बाहेर पडताना म्हणाले होते, "शिव्या खाण्याइतकं चांगलं काम केलं बाईनं."

जुनी पाटी (पुणे)

@मल्हारगंज, 'रामशास्त्री'बद्दल पूर्ण सहमत.

@मांडवी यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. डोळ्याच्या वापराबरोबर वयाचाही हिशेब बघा. 1952 च्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई आहेत. दिलीपकुमारचा जन्म 1922 चा. आई मुलापेक्षा सहा वर्षांनी मोठी! 'श्री 420'मधली केळी विकणारी गंगामाई केली तेव्हा त्या 39 वर्षांच्या. या वयात आजच्या नट्या नायिकेच्या भूमिका करतात.

आणि 1959 हे वर्ष मुद्दाम बघण्यासारखं आहे. त्या एकाच वर्षी 'अनाडी' आणि बिमल रॉयचा 'सुजाता' आले, दोन्हींत नायिका नूतन. 'सुजाता'मध्ये ललिताबाई त्या सोवळ्या आत्याबाई, ज्यांना अस्पृश्य मुलगी घरात नको आहे. 'अनाडी'मध्ये मिसेस डिसा. एकीकडे शिवाशिव पाळणारी, दुसरीकडे परक्या पोराला पोटाशी धरणारी. 'अनाडी'ला त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच. पण दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा, म्हणजे ही बाई काय होती ते कळेल.

अवांतर: 'सुजाता'तलं ते घर बंगाली कथेतलं, पण नूतन, आईच्या भूमिकेत सुलोचनाबाई, बहीण शशिकला आणि आत्या ललिताबाई. चारही आपल्या मराठी बायका.

सुदामा नगर

'प्रोफेसर' राहिला की हो! 1962. शम्मी कपूर म्हातारा प्रोफेसर बनून शिकवणीला येतो आणि घरातली कडक शिस्तीची सीतादेवी, म्हणजे ललिता पवार, त्याच्या प्रेमात पडते. लोक तो भाग विनोदी म्हणून बघतात. मी विधुर आहे, मुलं परदेशी, मागच्या दिवाळीत एकट्याने पुन्हा पाहिला. आयुष्यभर सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई हळूहळू कशी मऊ पडत जाते, आवाज कसा खाली येतो, ते बघताना मला हसू आलं नाही. त्या वयात कुणी आपल्याशी दोन शब्द आदराने बोललं की काय होतं, हे त्यांनी फार खरं केलं आहे. 'जंगली'मधली हसायला मनाई करणारी आई आणि ही सीतादेवी यांच्यात एका वर्षाचं अंतर.

लष्करची लेक (ग्वाल्हेर)

'आनंद'मधली मेट्रनही त्याच. तिचंही नाव डिसा. हृषीकेश मुखर्जींनीच 'अनाडी' केला होता, 12 वर्षांनी त्यांनी तेच आडनाव पुन्हा त्यांना दिलं. रमेश देव आणि सीमाताईंच्या दवाखान्यातली ती मेट्रन आठवा, वॉर्डात सगळ्यांना धाकात ठेवणारी आणि आनंदपुढे विरघळणारी. मधल्या काळात, 1961 मध्ये, मुखर्जींच्याच 'मेमदीदी'त तर ललिताबाई मुख्य भूमिकेत होत्या. @मांडवी, सगळ्याच सिनेमावाल्यांनी त्या डोळ्यात कपट पाहिलं नाही. या एकाने तरी दर वेळी माया पाहिली.

मांडवी (वडोदरा)

@लष्करची लेक, हे मान्य. मेट्रन मला आठवते आहे, पण त्या ललिता पवार आहेत हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री 'अनाडी' बघते. सासूबाई आता 84 च्या आहेत, त्यांना सोबत बसवते. आमचं पुढे छान जमलं, हेही लिहून ठेवते.

मल्हारगंज (इंदूर)

@रामबागची नात, आजींचा फोटो असेल तर टाका ना इथे.

रामबागची नात (इंदूर)

समोरून काढलेला नाही हो. लग्नातला एक आहे, दुखण्याच्या आधीचा, त्यात त्या 17 च्या. नंतरच्या सगळ्या फोटोंत मान उजवीकडून दिसेल अशी वळवलेली, नाहीतर कुणाच्या तरी मागे उभ्या.

शेवंती

मुंजी-लग्नांचे मोठे ग्रुप फोटो शोधा. नातेवाइकांकडे असतात, कार्डबोर्डवर चिकटवलेले. तिथे फोटोवाला खुर्चीवर बसवतो, पळायला जागा नसते.

रामबागची नात (इंदूर)

तीन आठवड्यांनी परत आले आहे. @शेवंती, तुमचे किती आभार मानू!

देवासला आईच्या मावसबहिणीकडे एक फोटो मिळाला. धाकट्या मामाची मुंज, 1962, वाड्याच्या चौकात. बटू मधे, आजोबा फेटा बांधून. आजी पहिल्या ओळीत खुर्चीवर, मांडीवर कुणाचं तरी सहा-सात महिन्यांचं बाळ. पदर खांद्यावर आहे, डोक्यावर नाही. हात बाळाला धरायला गुंतलेले, म्हणून तोंडावर काही घेता आलेलं नाही. ती सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे आणि डावा डोळा पार बारीक झाला आहे.

बाळाने मान हलवली म्हणून त्याचा चेहरा पुसट आला आहे, आजीचा मात्र स्वच्छ आहे. आईने फोटो खिडकीशी नेला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग म्हणाली, बाळ कुणाचं ते मावशीला विचार. विचारलं. ज्या घरात बाळ आत नेलं होतं ना, त्याच घरातलं, धाकटं.

स्कॅन करायला दिला आहे. राजवाड्याजवळचा फोटोवाला गुरुवारी देतो म्हणाला.